वाइनोकडचा बोल्ट

२० ऑक्टोबर, रविवार

रायफल कपाटातून काढली. दर वर्षी याच सुमारास काढतो. बाहेरून पाहिली, गंज नाही. पण बोल्ट उघडेना. काम केवढंसं, मागच्या लोखंडी दांड्याची मूठ वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलून खाली पाडायची, की नवं काडतूस आत. रशियाच्या लष्कराने मोडीत काढलेली ही बंदूक माझ्याहून पाच वर्षांनी मोठी आहे. वीस वर्षं माझ्याकडे आहे. लोण्यासारखी कधीच चालली नाही, पण इतकी अडलीही नव्हती. शेवटी दस्ता गुडघ्यात धरून दोन्ही हातांनी उघडली.

हरणांचा हंगाम पंधरा नोव्हेंबरला उघडतो. त्याच्या आदल्या दिवशी मुरुमाच्या खाणीत तीन गोळ्यांची परीक्षा. एका मिनिटात तीन गोळ्या, तिन्ही कागदावर, बंदूक खांद्यावरून खाली न घेता, आपल्या हाताने. जमलं तर रानात जायचं, नाही तर कॅम्पवर, म्हणजे रानातल्या आमच्या झोपडीत, राहून सगळ्यांचा स्वयंपाक करायचा. एकदा एकाने गारठलेल्या बोटांनी बंदूक रिकामी करताना जमिनीत बार काढला, त्या वर्षी मीच हा नियम केला. दाराजवळच्या फळीवर माझ्याच अक्षरात आहे. घड्याळही मीच धरतो.

म्हणजे पंचवीस दिवस आहेत. ग्रीज साचलं असेल. काढू.

२२ ऑक्टोबर

बोल्ट सुटा केला. पाच तुकडे, रॉकेलच्या डब्यात भिजत टाकले. पूर्वी हे काम डोळे मिटून करायचो. आज स्प्रिंग हातातून सटकून चुलीखाली गेली. टाइमी पोटावर झोपून काठीने ती काढत होती आणि मी उभा राहून कुठे गेली ते सांगत होतो. आमच्या लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. तिने वर येऊन स्प्रिंग पुसली, माझ्या हातात न देता टेबलावर ठेवली.

रॉकेल काळं झालं. वाटलं, हेच होतं.

२३ ऑक्टोबर

हे नव्हतं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

शनिवार म्हणजे सौना, वाफेच्या अंघोळीची खोली, तापवायचीच. दुपारी तीनलाच लाकडं घातली आणि रायफल वरच्या बाकावर उभी करून ठेवली. जुनं ग्रीज वितळवायला याहून चांगली जागा नाही.

एकोणीसशे नव्व्याण्णव साली वाइनोने आणि मी या बंदुका एकाच खोक्यातून घेतल्या. वाइनो माझा थोरला भाऊ. दुकानात खोकं उघडलं तेव्हा आत नुसतं पिवळं ग्रीज आणि त्यात बुडालेली वीस लाकडं दिसत होती. वाइनोने कोपरापर्यंत हात घालून दोन वर ओढल्या. त्या रात्री आम्ही त्या याच खोलीत तारेने टांगल्या, बोल्ट काढून बाकावर शेजारी शेजारी मांडले आणि दोघं उघडेबंब बसून फडक्यांनी पुसत राहिलो. घाम आमचा आणि ग्रीज त्यांचं, फरशीवर एक झालं होतं. टाइमी नाताळपर्यंत सौनात पाऊल टाकत नव्हती. वाइनो इतका हसला होता की खालच्या पायरीवर घसरून पडला.

आजही थोडं ग्रीज गळलं. काडतूस जिथे बसतं त्या भागात पितळी ब्रश घालून फिरवला. माझ्या मनगटाला लवकर शीण येतो आहे. वर्षभर लाकडं फोडली नाहीत, त्याचा परिणाम. आमच्या कॅम्पवरच्या डेलने ट्रकभर फोडलेली आणून टाकली, मी मागितली नव्हती.

२७ ऑक्टोबर

सकाळी चर्च. दुपारी बोल्ट पुन्हा बसवला, पुन्हा अडला. वैतागून टेबलावरच सोडून बाहेर गेलो. परत आलो तर टाइमीने ताटं मांडली होती आणि रायफल कोपऱ्यात उभी, बोल्ट उघडा. म्हटलं, कोणी उघडला? म्हणाली, मीच, भरलेली नाही ना ते पाहायला. कसा उघडला म्हणून विचारलं तर म्हणाली, जसा उघडतात तसा.

चुलीशेजारी ऊब लागून सैल झाला असणार. थंड लोखंड आणि गरम लोखंड यात फरक असतोच. हे तिला सांगितलं. ती बरं म्हणाली आणि माझ्या ताटातलं मांस कापून दिलं. सध्या ती रोजच माझं मांस कापत सुटली आहे, मी लहान मूल असल्यासारखं.

२९ ऑक्टोबर

सापडलं.

भिंग घेऊन बसलो होतो. बोल्टच्या मुठीच्या बुडाशी नंबर कोरलेला असतो, तोच नंबर नळीवर असतो. कारखान्यात दोन्ही एकमेकांना घासून जुळवलेले असतात. माझे जुळत नाहीत. नळीवर शेवट ४१७, बोल्टवर ०८६. वीस वर्षं मी दुसऱ्याच बंदुकीचा बोल्ट ओढतो आहे.

दुसरी बंदूक कोणती ते उघड आहे. त्या शनिवारी बाकावर दोन बोल्ट होते. आमच्याकडच्या माणसांनाच अशी चूक सुचते, लष्करी बंदुकांना घामाची अंघोळ घालायची आणि पुसताना कोणाचा अवयव कोणाला जोडला ते बघायचं नाही.

किती दिवसांनी बरं वाटलं. नऊ दिवस मी स्वतःवरच चिडत होतो. दोष बंदुकीत होता, आणि माझा बोल्ट वाइनोकडे आहे.

आता वाइनोकडे जावं लागणार.

१ नोव्हेंबर

गेलो नाही. का ते लिहून ठेवतो, दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

नऊ वर्षांपूर्वी चौदा नोव्हेंबरला वाइनोच्या तिन्ही गोळ्या कागदाला लागल्या नाहीत. त्याने चौथी मागितली. मी घड्याळ धरून उभा होतो, म्हटलं, नियम म्हणजे नियम. डेल आणि गस दोघंही तिथे होते. गस मी खाणीत कामाला होतो तेव्हाचा माझा जोडीदार, तो कधी कशाने हलत नाही, पण तोही म्हणाला, अरे मारू दे एक. मी नाही म्हटलं. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण संध्याकाळी कॅम्पवर मी सगळ्यांसमोर वाइनोच्या हातात पळी दिली आणि म्हणालो, उद्यापासून ही तुझी बंदूक. सगळे हसले. तोही हसला. दुसऱ्या दिवशी आम्ही रानातून दुपारी परतलो तेव्हा तो गाडी घेऊन निघून गेला होता.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. टाइमी त्याच्याशी फोनवर बोलते, मग मला सांगते वाइनो बरा आहे. मी विचारलेलं नसतं.

नियम बरोबरच होता. अजूनही बरोबर आहे. पळी द्यायला नको होती.

५ नोव्हेंबर

गेलो. अठरा मैल, रस्त्यावर पातळ बर्फ. वाइनोने लग्न केलं नाही, वडिलांनी बांधलेल्या शेवटच्या घरात एकटा राहतो. आमच्यात दार वाजवत नाहीत, सरळ आत जातात. मी वाजवलं.

आतून आवाज आला, "कोण आहे? पोलीस?"

"आर्वो."

"मग वाजवतोस काय? आत ये."

केस सगळे गेले आहेत. जाड भिंगांचा चष्मा, तरी टेबलाच्या कडेला हात लावून चालतो. नऊ वर्षांत काय काय झालं ते दोघांनीही विचारलं नाही. बर्फ लवकर आला, रस्त्यावरचा पूल अजून दुरुस्त झाला नाही, एवढं बोलून झालं. मग मी गाडीतून रायफल आणली, तिचा बोल्ट टेबलावर ठेवला आणि नंबराचं सांगितलं. त्याने खोलीतून स्वतःची रायफल आणली. नऊ वर्षं बार नाही काढलेला, पण तेल ताजं होतं. आपला बोल्ट काढून त्याने नंबरावरून अंगठ्याचं नख फिरवलं, डोळ्यांनी पाहिलंच नाही. चार, एक, सात, म्हणाला.

तो हसायला लागला. मीही. फरशीवरच्या त्या ग्रीजची आठवण दोघांनाही एकदमच आली असावी.

मी घरून ठरवून गेलो होतो ते म्हणालो. म्हटलं, "वाइनो, त्या वर्षी तुझ्या गोळ्या चुकल्या, त्या या चुकीच्या बोल्टमुळेही चुकल्या असतील."

मला वाटलं होतं याने त्याला बरं वाटेल. त्याने चष्मा काढून पुसला.

"नाही," म्हणाला. "कागदच दिसत नव्हता मला. त्याच्या आधीची दोन वर्षंही दिसत नव्हता, अंदाजाने लागून जायच्या. मी कधी तेलाला दोष द्यायचो, कधी काडतुसांना, कधी वाऱ्याला. तू नियम दाखवलास तेव्हा तुला दोष द्यायला लागलो. ते सगळ्यात सोपं गेलं."

त्याने कॉफी ओतली, स्वतःला भरून आणि मला अर्धाच कप. पहिल्यापासून चिक्कू आहे.

मग त्याने माझ्या रायफलमध्ये माझा बोल्ट घातला आणि दोन-तीनदा चालवून पाहिला. म्हणाला, "मला तर सहज जातोय."

"तू रोज लाकडं फोडतोस."

"तू उजव्या हातानेच उघडतोस ना?"

"मग काय पायाने?"

निघताना माझं जाकीट त्यानेच धरलं आणि वरचं बटण लावून दिलं. आंधळा होत चाललेला माणूस माझं बटण लावतो. म्हातारपणी लोक काय काय करतील सांगता येत नाही.

६ नोव्हेंबर

नंबर जुळले. बोल्ट अडतोच.

मला कळत नाही. बोल्ट खरा, बंदूक खरी, आत ग्रीज नाही. सकाळभर उकळतं पाणी ओतून नळी धुतली. पाणी सांडलं, बूट भिजले. फार थकलो.

९ नोव्हेंबर

ब्रश ड्रिलला जोडून आतून आरशासारखं घासलं. मग खोट्या काडतुसांवर सराव. टाइमीला घड्याळ धरायला बसवलं. एक मिनिट बावन्न सेकंद. पुन्हा केलं, दोन मिनिटं दहा. म्हटलं, घड्याळ बिघडलं असेल. तिने घड्याळ कानाला लावल्यासारखं केलं आणि म्हणाली, असेल.

ती कधीच माझं म्हणणं इतकं पटकन मान्य करत नाही. आमचा दिवस भांडल्याशिवाय जात नसे. हल्ली ती बरं म्हणते, असेल म्हणते, आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडते. काही तरी झालं आहे तिला. हंगाम संपला की विचारीन.

१२ नोव्हेंबर

दीड फूट बर्फ. गस कॉफीला आला, उद्या कॅम्पवर सामान न्यायचं ठरलं. म्हणाला, तू चालताना एक हात खिशात का घालतोस, चोरासारखा? मी म्हटलं, थंडी. घरातसुद्धा? तो म्हणाला. गस असाच आहे, त्याला दुसऱ्याच्या हातापायांवर लक्ष ठेवायची हौस आहे.

दिवसातून चार वेळा सराव करतो. सकाळी बरा जातो, म्हणजे दीड मिनिट. दुपारी जात नाही. मुठीला तळव्याने खालून ठोसा दिला तर उघडतो, पण मग बंदूक खांद्यावरून सरकते. नियमात ते बसत नाही.

खरं सांगायचं तर भीती वाटते. बावन्न हंगाम झाले, एकही चुकवला नाही. हाडं मोडली तेव्हा गेलो, वडील वारले त्या वर्षीही गेलो. मचाणावर बसून पहाट होताना पाहायची असते, हरीण येवो न येवो. वर्षातून तेवढी एकच गोष्ट मी कोणाला न विचारता स्वतःसाठी करत आलो.

१४ नोव्हेंबर

झालं.

दुपारी दोनला खाणीत. मुरुमावर गोठलेला बर्फ, वारा नाही. डेलच्या तीन गोळ्या, बावीस सेकंद. तो सार्वजनिक रस्त्यांवरचा बर्फ ओढणारी गाडी चालवतो, पन्नाशीचा आहे, त्याच्याकडून हीच अपेक्षा. गसच्या तीन, एक्कावन्न सेकंद, शेवटची कागदाच्या अगदी काठावर. तो स्वतःवरच खूश झाला. मग मी डेलकडे घड्याळ दिलं.

पहिली गोळी कागदाच्या मध्यात. आयुष्यात इतकी सरळ मारली नसेन. मग मुठीवर हात नेला. बोटं मुठीवर नीट बसली होती, मला दिसत होती. मी त्यांना उचला म्हणत होतो. ती बसून राहिली. जोर लावल्यावर जोर खांद्यात आला, मानेत आला, जबड्यात आला, बोटांत आलाच नाही. किती वेळ गेला माहीत नाही. डेलने घड्याळाकडे पाहिलं, मग मुठीत मिटून टाकलं.

"वेळ आहे अजून," तो म्हणाला. मिनिट केव्हाच होऊन गेलं होतं.

गस पुढे आला. "रशियन मेला थंडीत असाच अडतो. आण इकडे." त्याने रायफल घेतली आणि दोन बोटांनी मूठ वर उचलली. कवच टुणकन बाहेर पडलं. मग त्याच्या लक्षात आलं. त्याने बोल्ट पुन्हा खाली पाडला, तोंड वेडंवाकडं करून दोन्ही हातांनी ओढल्यासारखं केलं आणि म्हणाला, बाप रे, केवढा घट्ट. गस सत्तर वर्षांत कधी नाटकात उभा राहिला नाही, ते दिसलं.

डेल म्हणाला, "फारच घट्ट दिसतोय. बोल्टचा दोष, आर्वो, तुमचा नाही. माझी दुसरी रायफल न्या उद्या, ती आपोआप भरते."

दोघंही माझ्याकडे बघत नव्हते. मी हो म्हणायचं, एवढंच बाकी होतं. कोणी कधी बोललं नसतं. नियम मी केला, मीच मोडला असता तर फळीवर तशीच अक्षरं राहिली असती.

मला तिथे वाइनो दिसत होता. त्याच्यासाठी इतकं वाईट नाटक करायला कोणी पुढे आलं नव्हतं, कारण मी घड्याळ घेऊन उभा होतो.

"बोल्ट ठीक आहे," मी म्हणालो. "हात चालत नाही."

हे मी आधी कधी मनातही म्हटलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि मग मला ते ऐकू आलं. कापून दिलेल्या मांसाचं, बटणाचं, टाइमीच्या नळाचं, सगळं एकदम कळलं.

डेलने विचारलं, मग आता?

"आता काय. सकाळी किती वाजता नाश्ता पाहिजे ते सांगा."

१५ नोव्हेंबर

चारला उठून कॉफी ठेवली. पाचला दोघं गेले. कॅम्पवर मी एकटा, पहिल्यांदाच या दिवशी या वेळी आत. खिडकीत काळोख होता, मग निळं झालं, मग झाडं दिसायला लागली. बाहेर मचाणावर हे सगळं भराभर होतं असं वाटायचं. आतून फार वेळ लागतो.

साडेसातला डेलच्या बाजूने एक बार. मी उभा राहिलो, मग पुन्हा बसलो. बटाटे आणि सलगम सोलायचे होते, डाव्या हाताने सोलत होतो, अर्धा बटाटा सालातच जात होता. रडलो. हे लिहायला काही हरकत नाही, वही माझी आहे. हरणासाठी नाही रडलो. माझ्या भावाला मी ही सकाळ हसत हसत दिली होती आणि ती कशी असते ते विचारायला नऊ वर्षं गेलो नव्हतो.

बाराला दोघं आले, डेलला शिंगांना आठ टोकं असलेला नर मिळाला होता. मांस-बटाटा भरून भाजलेल्या मैद्याच्या पास्ट्या गरम होत्या, कडा जरा फाटलेल्या. दोघांनी दोन दोन खाल्ल्या. भांडी घासून मी गाडी काढली.

आज दार वाजवलं नाही. वाइनो चुलीजवळ बसला होता, मला पाहून म्हणाला, "दार लाव, ऊब जाते."

मी उभ्यानेच बोललो. बसलो असतो तर राहून गेलं असतं. "त्या दिवशी तुला चौथी गोळी मारू द्यायला हवी होती."

"चौथीही चुकली असती."

"तरीसुद्धा."

त्याने चुलीत एक लाकूड सारलं. "हो," म्हणाला. "तरीसुद्धा."

मग त्याने खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली. विचारलं, "त्यांना जेवायला घालून आलास?"

"घालून आलो."

"मी नव्हतं घातलं. अकरापर्यंत बसलो, मग चूल तशीच टाकून निघालो. तू माझ्यापेक्षा बरा."

उद्यापासून तो कॅम्पवर येतो आहे. त्याला बटाटा दिसत नाही आणि मला धरता येत नाही, दोघं मिळून एक सोलू, असं तोच म्हणाला.

कॅम्पवर फोन लागत नाही, म्हणून वाइनोच्या फोनवरून टाइमीला फोन केला. परीक्षेचं सांगितलं. मग म्हटलं, हात दाखवायला पाहिजे, डॉक्टरांची वेळ घे.

"घेतलेली आहे," ती म्हणाली. "पंचवीस तारखेला, सकाळी दहाला. सप्टेंबरातच घेऊन ठेवली. म्हटलं, हंगाम होऊ दे तुझा."

मी बरं म्हणालो. तिने विचारलं, जेवलास का? मी जेवलो होतो.